बटणांची बाजू

टाचणीमावशीला तिचं खरं नाव विचारलंत, तर क्षणभर तिलाच आठवावं लागेल. तोंडात कायम टाचण्या. ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्या धरायच्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे थांबायचंच नाही, ही तिची जन्माची सवय. नवीन गिऱ्हाईक बिचारं घाबरून जातं, ही बाई आता टाचणी गिळणार म्हणून. तिचा नवरा त्यांना धीर देतो, "घाबरू नका, आजवर तिने काहीच गिळलेलं नाही. माझा एक शब्दसुद्धा नाही."

जिन्याखालची तिची खोली तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असता, यात माणूस वळणार कसा? दारापाशी शिलाई मशीन, मागे कापड बेतायचं लांब टेबल, त्याखाली चिंध्यांची पोती, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा. त्या पडद्यामागच्या आरशाने या वस्तीतल्या बायकांचं जे पाहिलंय ते त्यांच्या नवऱ्यांनीही पाहिलं नसेल. पोट आत ओढून धरलेल्या बायका, रडणाऱ्या नवऱ्या मुली, "दंडाला जरा सैल ठेवा हं, पण सैल दिसू देऊ नका" म्हणणाऱ्या मास्तरणी. सगळ्यांचं मावशीने ऐकलं, आणि जमेल तेवढं केलं.

आता फॅशन म्हटलं की लोक नाकं मुरडतात. काय तो थिल्लरपणा, काय ते खर्च, आमच्या वेळी असं नव्हतं. अहो, तुमच्या वेळीही हेच होतं, फक्त तेव्हा नाक मुरडायला तुमची आई होती! मावशीला असं बोललेलं खपत नाही. "फॅशनला नावं ठेवायची नाहीत," ती म्हणते, "तिने माझं घर चालवलंय. झगे जन्मभर तेच राहिले असते तर मी जन्मभर उसवलेल्या शिवणीच घालत बसले असते." आणि ही तिची कृतज्ञता नुसती हवेत नाही. तिला चेहरा आहे. तो चेहरा म्हणजे टायपिस्टबाई.

तेव्हा मावशी मावशी नव्हती, नुकती दुकान मांडलेली पोर होती. दिवसभर मशीनपाशी बसून रस्ता बघायची. यायचं कोण? कुणी पडद्याची कड दुमडायला, कुणी उशीचा अभ्रा शिवायला. अख्खा झगा द्यायला कुणी धजत नव्हतं. आणि एक दिवस समोरच्या कचेरीत नुकतीच टायपिस्ट म्हणून लागलेली एक उंच, ताठ बाई आली. हातात निळं कापड, आणि मासिकातून कापलेलं चित्र. कंबरेत घट्ट, खाली घेर, कोपरापर्यंत बाह्या.

"जमेल?" बाईंनी विचारलं.

"न जमायला काय झालं!" मावशी म्हणाली. आजवर अख्खा झगा कुणी दिलेला नव्हता, पण तोंडात टाचण्या असल्या की चेहरा आपोआप जाणकार दिसतो.

घेर जमला, कंबर जमली, गळा तर असा बसला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. आणि मग बाह्या लावायला घेतल्या तर काय? दोन्ही बाह्या एकाच हाताच्या! कापड दुमडून एकदम कापायच्या सोडून घाईघाईत एकेक कापल्या, आणि दुसरीच्या वेळी नमुना उलटा करायला विसरली. कापड तर संपलेलं. मावशीने कपाळाला हात लावला. बाई माप द्यायला आल्या तेव्हा ती नुसती उभी होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडातल्या टाचण्यांमुळे धड रडताही येईना.

बाईंनी दोन्ही बाह्या हातात घेतल्या. एक या दंडाला लावून पाहिली, दुसरी त्या दंडाला. आणि मोठ्याने हसल्या.

"मग बाह्याच नकोत," त्या म्हणाल्या. "बाह्यांच्या जागी मुंढे नीट दुमडून दे. बाकी झगा सुरेख झालाय गं."

अशी या रस्त्यावर पहिली बिनबाह्यांची फॅशन आली. बाई तो निळा झगा घालून, उघडे दंड घेऊन, ताठ मानेने कचेरीत गेल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. बायकांनी तोंडात बोटं घातली. जेवणाच्या सुट्टीत एकीने खोचकपणे विचारलंच, "शिंप्याने बाह्या खाल्ल्या वाटतं?" तेव्हा बाईंनी खरं सांगितलं असतं तर? मावशीचं दुकान तिथेच बसलं असतं. पण बाई म्हणाल्या, "जिन्याखालच्या मुलीने शिवलाय. तिचा हात फार वेगळा आहे." महिना संपायच्या आत त्या खोचक बाईसुद्धा कापड घेऊन जिन्याखाली उभ्या होत्या.

तिथून जे मशीन चालू झालं ते थांबलं म्हणून नाही. झगे गुडघ्याच्या वर चढले तेव्हा आया रागावून यायच्या, कड सोडा म्हणायच्या. मावशी सोडायची, आणि आठ दिवसांनी लेकी चोरून येऊन ती परत दुमडून घ्यायच्या. मग एकाएकी सगळं पायघोळ झालं, मॅक्सी की काय ते, रस्ते झाडत जाणारं. पँट्स खालून एवढ्या रुंद झाल्या की एका पायात दोन मुलं मावतील. त्यानंतर खांद्यांत उशा आल्या. हो, चक्क उशा! बायका दारातून आडव्या होऊन येताहेत असं वाटायचं. मावशीने हातांनी कापूस भरून इतके खांदे शिवले की तिच्या नवऱ्याला वाटलं ही गाद्यांच्या धंद्यात शिरली. मग उशा गेल्या, सगळं ढगळ झालं, मग सगळं इतकं तंग झालं की बसताना शिवणी किंचाळायच्या. पुढे तयार कपड्यांची दुकानं आली आणि नवीन शिवायला येणाऱ्या कमी झाल्या, पण उंची कमी करा, कंबर घ्या, चेन बदला, ही कामं सुटली नाहीत. परवा तर एक आई लेकीची फाटकी जीन्स ठिगळं लावायला घेऊन आली. मागोमाग लेक रडत, "मावशी, हात लावू नका, ती तशीच विकत घेतलीय!" मावशीने त्या आईला समजावून पाठवलं, आणि लेकीला सांगितलं, पुढच्या वेळी मला सांग, मी फाडून देईन.

या सगळ्या वर्षांत प्रत्येक नवी तऱ्हा आधी टायपिस्टबाईंच्या अंगावर चढायची. मावशी आधी त्यांच्यासाठी बेतायची, मग जगासाठी. बाई निवृत्त झाल्या, केस पांढरे झाले, तरी वर्षाकाठी एक झगा ठरलेला. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांचं स्वतःचं घर, खिडकीत कुंड्या, आणि टेबलावर जुना टाइपरायटर, रोज पुसलेला.

आणि मग बाईंना झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू परतला, काठी घेऊन चालता येऊ लागलं, पण डावा हात खांद्यापासून तसाच लोंबता राहिला. दहा बोटांनी पोट भरलेल्या बाई त्या! पण त्या रडल्या नाहीत. एका हाताने चहा करायला शिकल्या, वेणी कापून टाकली, आतले कपडे पलंगावर बसून सावकाश चढवायला शिकल्या. घोडं अडलं ते झग्यावर. डोक्यावरून गाऊन घालायला गेल्या आणि हात आत, डोकं आत, गाऊन गळ्याशी पिळला गेलेला, अशा अवस्थेत अडकून पडल्या. शेजारीण दूध द्यायला आली म्हणून सुटल्या.

भाच्याला हे कळलं आणि तो धावत आला. भाचा वाईट नाही हो, उलट फारच चांगला, आणि चांगल्या माणसांशी भांडणं हे महाकठीण काम. "आत्या, बस झालं. माझ्याकडे चल. हे घर सोडून देऊ. तुला काही करावं लागणार नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या. पण तो ऐकेना. शेवटी घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी तोडगा काढला. "बाकी सगळं यांना जमतंय. कपडे एकट्याने घालता आले की मी स्वतः सांगेन, राहू द्या यांना. पुढच्या गुरुवारी येते. तेव्हा बघू." भाच्याने मान डोलावली, पण सामान बांधायला खोकी आणून ठेवलीच.

त्याच संध्याकाळी बाईंनी मावशीला बोलावलं. पलंगावर बसल्या होत्या, अंगावर शेजारणीने चढवलेला गाऊन.

"टाचणी, मला एक झगा शिव. समोरून उघडा. मी एकटीने घालायचाय."

"नर्सबाई म्हणत होत्या चिकटपट्टी लावा म्हणून, लहान मुलांच्या बुटांना असते ती."

"चर्र करून उघडणारी? मला बटणं हवीत. बटणं लावता आली तर मी माणसात आहे." मग त्या हळूच म्हणाल्या, "त्याच्या घरी मी पाहुणी होईन गं. पाहुणीने किती दिवस राहायचं?"

मावशी काहीतरी बोलायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की तोंडात टाचण्या नाहीत आणि तरीही शब्द फुटत नाहीये.

ती कामाला लागली. इतक्या वर्षांच्या फॅशनी तिच्या हातात होत्याच, आता तिने एकेकीला कामाला लावलं. उशांच्या काळातला मोठा मुंढा, उशी वगळून. ढगळ दिवसांतली रुंद बाही, काखेत सैल सोडलेली, म्हणजे हात अडायला नको. डाव्या बाहीला आतून सुळसुळीत अस्तर, लुळा हात आधी घालायचा तो आपोआप खाली सरकावा म्हणून. समोर वरपासून खालपर्यंत मोठी बटणं, खाली दोरा गुंडाळून उंच केलेली, चिमटीत यावीत अशी. काजं हाताने केलेली. रंग निळा. या वेळी बाह्या मात्र तिने चारदा तपासून कापल्या.

रविवारी मावशी झगा घेऊन गेली. बाईंनी डावा हात उचलून बाहीत सोडला, तो सुर्रकन गेला. झगा पाठीमागून ओढून उजवा हात घातला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "अगं, हा तर स्वतःच अंगावर चढतोय!"

मग बटणं. पहिलं बटण हाताला लागलं, सुटलं. परत लागलं, परत सुटलं. बाईंचं मनगट उलटं वळत होतं, बोटं पट्टीच्या कडेवरून पलीकडे जाऊन परत आत शिरायला बघत होती. कपाळावर घाम आला. खूप वेळाने एक बटण लागलं आणि दुसऱ्याला हात लावताच ते पहिलंही निघालं. बाईंनी हात मांडीवर ठेवला.

"काढून ठेव तो," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "भाच्याला म्हणावं, खोकी भर."

मावशी झगा काखोटीला मारून घरी आली ती फणफणत. राग कुणावर, तिलाच कळेना. बटणं मोठी, काजं सैल, मग बिघडलं काय? तिने दार लोटलं, स्वतःचा डावा हात मापाच्या फितीने कमरेला बांधला आणि तो झगा अंगात घातला. बटण लागेना. दुसरा झगा काढला, समोरून बटणांचा. तोही लागेना. सून ठेवून गेली होती तो ब्लाउज काढला. तीच रड! पलंगावर कपड्यांचा ढीग झाला. वैतागून तिने खुंटीवरचा नवऱ्याचा शर्ट ओढला आणि अंगात घातला. बटण लागलं. टप्. दुसरं लागलं. तिसरं.

नवरा आत आला आणि दारातच थबकला. बायको त्याच्या शर्टात, एक हात कमरेला बांधलेला, आणि हसतेय की रडतेय ते कळेना.

"अगं, झालंय काय तुला?"

"अहो, तुमचा शर्ट उलटा आहे!"

"सरळच तर आहे," तो तिच्या अंगातल्या शर्टाकडे बोट दाखवत म्हणाला.

"तेच म्हणते मी! तुमचं सरळ आहे, आमचं उलटं आहे!"

खाली बसून तिने त्याला समजावलं, आणि समजावता समजावता स्वतःही समजून घेतलं. बायकांच्या कपड्यांत उजवी पट्टी वर येते, काजं तिच्यावर, आणि बटणं डावीकडे. पुरुषांत बरोबर उलट, डावी पट्टी वर, बटणं उजवीकडे. डावी पट्टी वर असली की तिची मोकळी कड उजव्या हाताकडे तोंड करून असते. बोटं सरळ आत जातात, अंगठा वर राहतो, बटण बाहेर. बायकांच्या पट्टीला मात्र उजव्या हाताला वळसा घालून पलीकडून शिरावं लागतं. दोन हात असले की हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

"घेर बदलले," मावशी म्हणाली, "उंची बदलली, बाह्या गेल्या, आल्या, खांदे फुगले, बसले. पण बटणांची बाजू कुणी बदलली नाही. आणि मी शहाणी, कधी विचारलंसुद्धा नाही, की का. हात आपोआप तिकडेच जायचा."

"मग आता बदल," नवरा म्हणाला. "पण आधी माझा शर्ट दे. मला बाहेर जायचंय."

काजं एकदा कापली की ती बुजत नाहीत. मावशीने दोन्ही पट्ट्या पूर्ण उसवल्या, नव्या कापडाच्या पट्ट्या बेतल्या, काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. हाताला सवय नव्हती. दोनदा ती परत जुन्याच बाजूने बेतायला निघाली आणि दोनदा स्वतःच्याच हातावर चापट मारली. बुधवारी संध्याकाळी झगा इस्त्री करून तिने बाईंच्या पलंगावर ठेवला. बाईंनी नुसतं विचारलं, "परत?"

"परत," मावशी म्हणाली. "एकदा. माझ्यासाठी."

गुरुवारी नर्सबाई आल्या, भाचा आला, मावशीही आली. खोलीत भिंतीशी खोकी उभी होती. बाई काठी टेकत आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर तिघं बसले. आतून काठी ठेवल्याचा आवाज आला. मग पलंग करकरला. मग काहीच नाही. भाच्याचा पाय हलत होता. "आत्या, येऊ का?" त्याने विचारलं.

"खबरदार!" आतून उत्तर आलं.

मावशी मनातल्या मनात प्रत्येक बटण लावत होती. गळ्याचं. छातीचं. हं, ते खालचं जरा जड जाईल.

दार उघडलं. निळ्या झग्यात बाई उभ्या होत्या. ताठ. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लागलेली, फक्त मधलं एक चुकीच्या काजात गेलेलं, त्यामुळे पोटापाशी कापड जरा फुगलेलं. भाचा चटकन उठून ते नीट करायला गेला. बाईंनी त्याच्या हातावर काठीचं टोक टेकवलं.

"राहू दे. मी लावलंय ते."

नर्सबाईंनी भाच्याकडे बघितलं. "मी महिन्याने येईन," त्या म्हणाल्या. "इथेच."

भाचा खाली बसला, मग परत उठला, आणि त्याने आत्याला मिठी मारली. मग स्वतःच्या खिशातून त्याने बाईंच्या घराची किल्ली काढली. गाऊनच्या प्रकारानंतर ती त्याने स्वतःकडे ठेवून घेतली होती. बाईंनी काठी दाराला टेकून ठेवली, आणि त्याने किल्ली त्यांच्या उजव्या हातात दिली.

बाईंनी किल्ली मुठीत धरली. मग तीच मूठ झग्याच्या बाजूवरून खाली नेली, वर आणली, परत खाली नेली.

"टाचणी," त्या म्हणाल्या, "अगं, याला खिसाच नाही. इतकी वर्षं शिवतेस, बायकांना खिसा द्यायला तुझं काय जात होतं? मी माझी किल्ली ठेवू कुठे?"

मावशी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती बाईंच्या पायांशी खाली बसली. "बाई, तुम्ही नसता तर मी अजून अभ्रे शिवत बसले असते," ती म्हणाली. इतकी वर्षं हे तिने एकदाही म्हटलं नव्हतं.

"रडतेस काय? माप घे," बाई म्हणाल्या.

मावशीने आपल्या बाहीने नाक पुसलं, मापाची फीत काढली, आणि किल्ली धरलेल्या त्या उजव्या हाताची रुंदी मापली.